लिनक्स मिंटमधून विंडोजच्या ‘डी’ ड्राइव्हवर लिहिता येत नाही. बळजबरीने माउंट करावे का?

पानजुळणी (प्रश्न)

नमस्कार. माझ्या लॅपटॉपवर एकाच एसएसडीवर विंडोज ११ आणि लिनक्स मिंट शेजारी शेजारी आहेत. दिवाळी अंकाचे मुद्रितशोधन मी लिनक्समध्ये, लिब्रेऑफिसवर करते. पानांची जुळणी ज्या सॉफ्टवेअरमध्ये होते ते मात्र फक्त विंडोजवर चालते. दोन्हीकडून हाताशी असावा म्हणून सगळा मजकूर मी ‘डी’ ड्राइव्हवर, म्हणजे वेगळ्या पार्टिशनवर (डिस्कच्या विभागावर) ठेवला आहे. त्यावर एनटीएफएस ही विंडोजची फाइल सिस्टिम, म्हणजे फाइली मांडण्याची पद्धत, आहे.

अडचण अशी की लिनक्समधून या ड्राइव्हवर कधी लिहिता येते आणि कधी येत नाही. येत नाही तेव्हा फाइल उघडते, वाचता येते, पण जतन करताना ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’ असा संदेश येतो. हा परवानगीचा प्रश्न असेल असे समजून मी सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञा चालवणे) वापरून पाहिले, फोल्डरचे मालकी हक्क बदलण्याचाही प्रयत्न केला. काहीच बदलले नाही. टर्मिनलवरून माउंट केल्यावर, म्हणजे ड्राइव्ह प्रणालीला जोडल्यावर, जो संदेश आला त्याचा आशय असा होता की फाइल सिस्टिम अस्वच्छ अवस्थेत आहे, तिचा मेटाडेटा (फाइलींबद्दलच्या नोंदी) विंडोजच्या कॅशमध्ये आहे, म्हणून ती केवळ वाचनापुरती माउंट केली आहे.

एका परिचितांनी ‘एनटीएफएसफिक्स’ ही आज्ञा चालवून बळजबरीने माउंट करण्याचा सल्ला दिला आहे. असे केल्यास अंकाच्या मजकुराला धोका आहे का? आणि मुळात लिनक्सने दुसऱ्या प्रणालीच्या पार्टिशनवर लिहिणे कितपत भरवशाचे आहे?

कर्नलकट्टा

आपण ‘कधी लिहिता येते आणि कधी येत नाही’ असे लिहिले आहे, त्यातच बहुतेक उत्तर आहे. विंडोजमधून ‘रीस्टार्ट’ करून लिनक्समध्ये आलात की लिहिता येते, आणि विंडोज ‘शट डाउन’ करून नंतर लिनक्स सुरू केले की येत नाही, असे होते का ते पाहा. तसे असेल तर कारण ‘फास्ट स्टार्टअप’ हेच आहे.

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘शट डाउन’चा अर्थ बदलला आहे. आपण संगणक बंद करतो तेव्हा वापरकर्त्याचे सत्र खरोखर संपते, उघडे प्रोग्राम बंद होतात. पण विंडोजचा कर्नल (प्रणालीचा गाभा) आणि ड्रायव्हर मात्र बंद न होता त्यांची स्मृतीतील स्थिती ‘सी’ ड्राइव्हवरील हायबरफिल नावाच्या फाइलमध्ये लिहून ठेवली जाते, आणि पुढच्या वेळी तीच स्थिती पुन्हा स्मृतीत आणून विंडोज लवकर सुरू होते. ‘रीस्टार्ट’ला हे लागू नाही, तेथे सगळे खरोखर बंद होऊन नव्याने सुरू होते. नावे ऐकून उलट वाटेल, पण पूर्ण बंद होणे हवे असेल तर ‘रीस्टार्ट’च अधिक प्रामाणिक आहे.

आता यात ‘डी’ ड्राइव्हचा संबंध कोठे येतो? झोपलेल्या त्या कर्नलच्या दृष्टीने ‘डी’ ड्राइव्ह अजूनही माउंट केलेलाच आहे. कोणती फाइल कोठे आहे याची मुख्य सारणी, आणि डिस्कवरचा कोणता तुकडा मोकळा आहे व कोणता भरलेला आहे याचा नकाशा, या दोन्हींचे काही भाग त्याने स्वतःच्या स्मृतीत ठेवलेले असतात आणि जागे झाल्यावर तो त्यांवरच विसंबतो. दरम्यान लिनक्सने एखादा मोकळा तुकडा वापरून आपले प्रकरण लिहिले असेल, तर विंडोजला त्याची खबरच नसते. तो तोच तुकडा मोकळा समजून तेथे दुसरी फाइल लिहू शकतो. एकाच जमिनीचे दोन सातबारे दोन तलाठ्यांनी आपापल्या दप्तरात परस्पर फिरवावेत, तसा हा प्रकार होतो. यात एक फाइल जाते असे नव्हे, तर निर्देशिकेच्या नोंदीच बिघडून अख्खे फोल्डर हरवल्यासारखे होऊ शकते.

म्हणून आपल्याला दिसलेला नकार हा दोष नसून संरक्षण आहे, आणि परवानगीशी त्याचा काही संबंध नसल्यामुळे सुडोने काही फरक पडला नाही. एनटीएफएसफिक्सबद्दल विशेष सावध राहावे. नावावरून ते विंडोजच्या ‘चेकडिस्क’सारखे दुरुस्तीचे साधन वाटते, पण ते तसे नाही. ते काही अगदी मूलभूत विसंगती सुधारते, एनटीएफएसचे जर्नल (चालू बदलांची नोंदवही) पुसून टाकते आणि पुढच्या वेळी विंडोजने तपासणी करावी अशी खूण ठेवते. जर्नल पुसले गेले की ‘मेटाडेटा विंडोजकडे आहे’ ही खूणही जाते, लिनक्सला लिहिण्यास मोकळीक मिळते आणि आपल्याला वाटते की प्रश्न सुटला. ‘सी’ ड्राइव्हवर झोपलेला कर्नल मात्र तसाच असतो. काही जण माउंट करताना हायबरफिल काढून टाकणारा पर्याय सुचवतात. तो ज्या पार्टिशनवर ती फाइल आहे तेथेच, म्हणजे ‘सी’वर चालतो, शिवाय विंडोज खरोखर हायबरनेट केलेले (उघडे काम डिस्कवर ठेवून झोपवलेले) असेल तर न जतन केलेले काम त्याबरोबर कायमचे जाते.

योग्य उपाय विंडोजमध्ये जाऊन करायचा आहे. कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये पॉवर बटणांची कामे ठरवण्याचे पान आहे. तेथे प्रशासकाच्या अधिकाराने ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’पुढची खूण काढावी. हायबरनेशन अजिबात वापरत नसाल तर प्रशासक म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी’ या आज्ञेने ते पूर्णच बंद करता येते. मग हायबरफिल नाहीशी होते आणि ‘सी’वर कित्येक गिगाबाइट जागाही सुटते. त्यानंतर विंडोज एकदा नेहमीप्रमाणे बंद करून लिनक्समध्ये यावे. विंडोजची मोठी अद्ययावत आवृत्ती बसली की ही निवड तशीच आहे ना हे पाहून घ्यावे.

जुना लिनक्सकर

वरील उत्तर योग्य आहे. ‘मुळात भरवशाचे आहे का’ या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण यासंबंधी जुन्या काळची भीती आणि आजची वस्तुस्थिती यांची लोक सरमिसळ करतात.

एनटीएफएस १९९३ मध्ये विंडोज एनटी ३.१ बरोबर आली. डिस्कवर तिची रचना नेमकी कशी असते याचा पूर्ण तपशील मायक्रोसॉफ्टने प्रसिद्ध केला नाही, त्यामुळे लिनक्सच्या बाजूचे जवळजवळ सगळे ज्ञान डिस्कवरचे बाइट वाचून, तर्क करून आणि पडताळून मिळवलेले आहे. १९९७ च्या अखेरीस पहिला ड्रायव्हर कर्नलच्या २.१ मालिकेत आला. त्यातील लिहिण्याची सोय इतकी धोकादायक होती की ती सुरू न करण्याचा इशारा कर्नलच्या रचनापर्यायांतच दिलेला असे. २००२ मध्ये तो ड्रायव्हर नव्याने लिहिला गेला, पण लिहिण्याच्या बाबतीत त्याने मुद्दाम हात आखडता घेतला: आधीपासून असलेल्या फाइलचा आकार न बदलता तिच्यातील मजकूर बदलण्यापुरतीच त्याची झेप होती. नवी फाइल करणे नाही, फोल्डर नाही, काही पुसणे नाही. त्या काळात ‘कॅप्टिव्ह’ नावाचा एक विलक्षण प्रकल्पही होता, जो विंडोजचा स्वतःचा एनटीएफएस ड्रायव्हरच उचलून लिनक्समध्ये चालवत असे. तांत्रिकदृष्ट्या ती कमालच होती. रोजच्या कामासाठी मात्र मी तिची शिफारस केली नसती.

खरा बदल झाला तो एनटीएफएस-३जीमुळे. वापरकर्त्याच्या पातळीवरून फाइल सिस्टिम चालवण्याची ‘फ्यूज’ ही सोय २००५ मध्ये कर्नल २.६.१४ मध्ये आली होती. तिच्या आधारे साबोल्च साकासिच यांनी २००६ मध्ये एनटीएफएस-३जी जाहीर केले आणि फेब्रुवारी २००७ मध्ये त्याची १.० ही स्थिर आवृत्ती निघाली. फाइल करणे, वाढवणे, पुसणे, नाव बदलणे ही सगळी कामे तेव्हापासून लिनक्समधून सर्रास होत आहेत. पुढे पॅरागॉन सॉफ्टवेअर या कंपनीने आपला व्यावसायिक ड्रायव्हर मुक्त परवान्याखाली कर्नलला देऊ केला आणि ‘एनटीएफएस३’ या नावाने तो २०२१ मध्ये कर्नल ५.१५ मध्ये दाखल झाला. तो जुना, हात आखडलेला ड्रायव्हर २०२४ मध्ये कर्नल ६.९ मधून काढून टाकण्यात आला.

नावे इतकी सारखी आहेत की गोंधळ होतोच, म्हणून आपण कोणता ड्रायव्हर वापरत आहात ते पाहून घ्यावे. माउंट केलेल्या पार्टिशनांच्या यादीत ‘डी’पुढे ‘फ्यूजबीएलके’ असा प्रकार दिसला तर एनटीएफएस-३जी चालू आहे, आणि ‘एनटीएफएस३’ दिसले तर कर्नलमधला ड्रायव्हर. फरक केवळ वेगाचा नाही. पार्टिशन नीट बंद झालेले नसेल, म्हणजे वीज गेली किंवा विंडोज मध्येच अडकले असेल, तर एनटीएफएस-३जी सहसा जर्नल रिकामे करून पुढे जाते. एनटीएफएस३ मात्र जर्नलमधील अर्धवट व्यवहार पुन्हा चालवून पुरे करू शकते. उलट, पार्टिशनवर ‘मळके’ असल्याची खूण असेल तर एनटीएफएस३ माउंट करण्यासच नकार देते आणि ‘फोर्स’ हा पर्याय मागते. तो देऊ नये. विंडोजमध्ये जाऊन चेकडिस्क चालवावे. एनटीएफएसची पूर्ण तपासणी आणि दुरुस्ती करणारे त्याच्या तोडीचे मुक्त साधन लिनक्सकडे आजही नाही, आणि माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतील खरी उणीव लिहिण्याची नसून हीच आहे.

विंडोज झोपलेले असताना पार्टिशनच्या अवस्थेबद्दल जी खबरदारी हवी ती एनटीएफएस-३जी अधिक काटेकोरपणे घेते. आपल्यासारख्या कामात फाइली लहान असतात, वेग महत्त्वाचा नसतो. म्हणून मी एनटीएफएस-३जीच ठेवले असते. मोठमोठ्या चित्रफिती हलवणाऱ्यांनी एनटीएफएस३चा विचार करावा.

पानजुळणी

दोघांचेही मनापासून आभार. अंदाज अगदी बरोबर निघाला: पूर्वी मी नेहमी रीस्टार्ट करून लिनक्समध्ये येत असे, हल्ली रात्री विंडोज बंद करते आणि सकाळी लिनक्स उघडते. फास्ट स्टार्टअप बंद केल्यावर ‘डी’वर लिहिता येऊ लागले. ड्रायव्हर ‘फ्यूजबीएलके’ आहे.

आता दोन शंका उरल्या. लिनक्समधून ‘कविता: निवड दुसरी’ या नावाने केलेली फाइल विंडोजमध्ये दिसते, पण उघडतही नाही आणि पुसलीही जात नाही. आणि विंडोजमध्ये केलेल्या, लांबलचक मराठी नावांच्या काही फाइली ‘डी’वर व्यवस्थित आहेत, पण लिनक्सच्या माझ्या होम फोल्डरमध्ये नकलता येत नाहीत, ‘नाव फार लांब आहे’ असा संदेश येतो. नाव तर जेमतेम दीड ओळीचे आहे.

फाइलनावांचा शोध

पहिली शंका विसर्गचिन्हासारख्या दिसणाऱ्या अपूर्णविरामाची आहे. एनटीएफएसच्या मूळ रचनेत अशा नावांना मज्जाव नाही, म्हणून लिनक्सचा ड्रायव्हर ती बिनदिक्कत लिहितो. विंडोजच्या प्रोग्रामांना मात्र अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तारका, दुहेरी अवतरण, उभी रेघ, तिरप्या रेघा आणि कोनी कंस नावात चालत नाहीत. नावाच्या शेवटी टिंब किंवा मोकळी जागा असली तरी असाच घोळ होतो. लिनक्समध्ये जाऊन त्या फाइलचे नाव बदला, ती विंडोजमध्ये लगेच उघडेल. पुढे असे होऊ नये म्हणून माउंट करताना ‘विंडोज_नेम्स’ हा पर्याय द्यावा, म्हणजे असे नाव देऊ पाहताच लिनक्स तेथेच अडवेल. देवनागरी विसर्ग हे स्वतंत्र अक्षरचिन्ह आहे, त्यामुळे ‘दुःख’, ‘अंतःपुर’ अशा नावांना बाधा येत नाही. काही जण घाईत विसर्गाच्या जागी अपूर्णविराम टाइप करतात, तेथे मात्र पंचाईत होते. मुद्रितशोधकाला हे सांगायला नकोच.

तसेच लिनक्समधून ‘कव्हर’ असे रोमन लिपीत एकदा मोठ्या आणि एकदा लहान लिपीत नाव दिलेल्या दोन फाइली एकाच फोल्डरमध्ये राहू शकतात, पण विंडोजला त्या वेगळ्या ओळखता येत नाहीत आणि तो त्यांपैकी एकच उघडतो.

दुसरी शंका अधिक रंजक आहे. एनटीएफएसमध्ये नाव यूटीएफ-१६ या संकेतात साठवले जाते आणि त्याची मर्यादा २५५ एककांची आहे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तेथे एक एकक घेते. लिनक्सच्या एक्सटी४ या फाइल सिस्टिममध्येही मर्यादा २५५ चीच, पण ती बाइटांची, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. ‘मुखपृष्ठ’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा वाटतो, पण त्यात ८ चिन्हे आहेत; म्हणजे एनटीएफएसवर ८ एकके आणि एक्सटी४ वर २४ बाइट. एकंदरीत एक्सटी४ वर निव्वळ देवनागरी नावाला ८५ चिन्हांची जागा मिळते, एनटीएफएसवर तिच्या तिप्पट. इंग्रजीत नावे देणाऱ्यांना ही भिंत क्वचितच लागते. मराठीत लेखकाचे नाव, लेखाचे शीर्षक आणि ‘सुधारित अंतिम प्रत’ एवढे एकत्र आले की ती लागतेच.

आणखी एक. ‘वाऱ्यावर’मधील ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो: एकच चिन्ह म्हणून, किंवा ‘र’ आणि खालचा नुक्ता अशी दोन चिन्हे म्हणून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एनटीएफएस किंवा एक्सटी४ आपण होऊन त्यांची एकरूपता साधत नाही. दोन प्रणालींवर दोन वेगळे कळफलक असतील तर ‘वाऱ्यावर’ नावाच्या दोन फाइली एकाच फोल्डरमध्ये शेजारी दिसू शकतात, आणि शोध घेतला तर एकच सापडते.

पानजुळणी

हे सगळे पाहून असे वाटते की मजकूर एनटीएफएसऐवजी एक्सफॅटवर (पेनड्राइव्हवर असते ती साधी फाइल सिस्टिम) किंवा सरळ एक्सटी४ वरच ठेवावा आणि विंडोजला तेथे येऊ द्यावे. हे शहाणपणाचे होईल का? शिवाय ‘सी’ ड्राइव्ह बिटलॉकरने (विंडोजच्या डिस्क-कुलपाने) बंद आहे, त्याचा ‘डी’वर काही परिणाम होतो का?

कर्नलकट्टा

एक्सफॅटची शिफारस मी अंतर्गत डिस्कसाठी करणार नाही. मायक्रोसॉफ्टने तिचा तपशील २०१९ मध्ये खुला केला आणि २०२० च्या कर्नल ५.७ पासून तिचा चांगला ड्रायव्हर लिनक्समध्ये आहे, हे खरे. पण तिला जर्नल नाही. लिहिता लिहिता वीज गेली तर सावरायला काहीच आधार उरत नाही. आणि झोपलेल्या विंडोजचा धोका तेथेही तितकाच आहे, फक्त तो ओळखून अडवणारे कोणी नाही. छापखान्यात न्यायच्या पेनड्राइव्हला ती उत्तम.

एक्सटी४ चा मार्ग आपल्या लॅपटॉपवर अडतो. विंडोजमधील लिनक्स उपप्रणाली, डब्ल्यूएसएल २, एक्सटी४ पार्टिशन माउंट करू शकते, पण त्यासाठी ती अख्खी भौतिक डिस्क ताब्यात मागते; ज्या डिस्कवरून विंडोज स्वतः चालू आहे ती तिला देता येत नाही. आपल्याकडे एकच एसएसडी आहे. तेव्हा सामायिक पार्टिशन एनटीएफएसच ठेवावे.

बिटलॉकर प्रत्येक पार्टिशनला वेगळे लागते. ‘सी’ बंद आणि ‘डी’ खुला असेल तर ‘डी’वर लिहिण्यात अडचण नाही. पुढे कधी ‘डी’ही बंद झाला, तर २०२० च्या आवृत्ती २.३ पासून क्रिप्टसेटअप हे साधन लिनक्समधून बिटलॉकरचे पार्टिशन उघडू शकते. त्यासाठी ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली कागदावर लिहून ठेवलेली असावी. ‘सी’वर मात्र लिनक्समधून लिहू नये. तेथे काही प्रणाली-फाइली विंडोजच्या खास पद्धतीने संकुचित केलेल्या असतात, परवानग्यांचे जाळे गुंतागुंतीचे असते, आणि आपल्या कामासाठी तेथे जाण्याचे कारणही नाही.

जुना लिनक्सकर

माउंटची नोंद ‘एफएसटॅब’मध्ये (सुरू होताना काय माउंट करायचे त्या यादीत) कायमची करणार असाल तर पार्टिशन ‘एसडीए३’सारख्या नावाने न देता त्याच्या यूयूआयडीने (कायम ओळखक्रमांकाने) द्यावे, आपला वापरकर्ता क्रमांक आणि यूमास्क (कोणत्या परवानग्या वगळायच्या तो आकडा) द्यावा, आणि ‘नोफेल’ जरूर लिहावे. नाहीतर एखाद्या दिवशी विंडोज अस्वच्छ बंद झाल्यामुळे ‘डी’ माउंट झाला नाही, तर लिनक्स सुरू होतानाच आणीबाणीच्या पडद्यावर अडकून पडेल. एनटीएफएसवर चमॉड या आज्ञेने परवानग्या बदलत नाहीत असे दिसले तर गोंधळू नये. या पद्धतीत माउंट करताना दिलेल्या परवानग्याच सगळ्या फाइलींना लागू होतात.

छापखान्याचा उल्लेख निघालाच आहे म्हणून: पेनड्राइव्हवर नक्कल करताना प्रगतीची पट्टी संपली तरी मजकुराचा काही भाग अजून स्मृतीतच असू शकतो. फाइल मॅनेजरमधून ‘सुरक्षितपणे काढा’ हे सांगून संदेश येईपर्यंत थांबावे, मोठ्या पीडीएफला यात मिनिटभर लागू शकते, आणि मग तीच पीडीएफ पेनड्राइव्ह पुन्हा लावून शेवटच्या पानापर्यंत उघडते का ते पाहावे.